भेरूघाटात ठेवलेल्या चपला

मोटारीत मला मधली जागा चालत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा सहलीच्या बसमध्येसुद्धा मी पोरींना उठवून खिडकी घ्यायचे. पोरी पाठीमागे हसायच्या, आणि बरोबरच्या बाई म्हणायच्या, "काय हे, लहान आहात का?" म्हणू देत. मधल्या जागेवर बसून मी तीन वेळा इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागले आहे. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आणखी कोणी, पुढे ड्रायव्हरची मान, आणि पदराखाली दाबून ठेवलेलं खोटं. एवढं एका जन्माला पुरे झालं.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. मध्य प्रदेश नुकताच झाला होता. माझे आजोबा दरबारच्या कचेरीत होते, वडील तिथेच चिकटले. दरबार गेला, मध्य भारत आला, तोही जाऊन हे नवं राज्य आलं. कचेरीच्या दारावरची पाटी दोनदा बदलली, वडिलांचं टेबल मात्र तेच राहिलं. आम्ही जुन्या इंदुरात राहत होतो, दोन खोल्या आणि मागे सामाईक अंगण. घरात आम्ही तिघंच.

गल्लीतल्या एका लग्नात, पंगतीत, मला पहिल्यांदा फेफरं आलं. मला आठवतं ते एवढंच की वाढणाऱ्या बाईंच्या हातातलं जिलेबीचं ताट एकाएकी लांब गेलं. पुढचं मी इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की आता डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. मी पत्रावळीवर आडवी झाले, हातपाय झाडायला लागले, आणि कोणीतरी ओरडलं, "अरे, चप्पल सुंघाओ! चमडे की चप्पल!" फेफरं आलं की चामड्याचा वास द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मांडवाच्या दाराशी चपलांचा ढीग होता. त्यातली आपली स्वतःची चप्पल आईनं उचलून आणली आणि भरल्या पंगतीत माझ्या नाकाला लावून धरली.

मी शुद्धीवर आले ती त्या वासानेच. वर गोल करून उभे असलेले चेहरे, अंगावर सांडलेलं वरण, आणि नाकाशी आईची चप्पल. लाज काय असते ते मला त्या दिवशी कळलं. आईला माझ्याआधी कळलं असणार, कारण घरी येताना ती चप्पल हातात घेऊनच चालत आली.

वडिलांनी मला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि वडिलांना बजावून सांगितलं, काही वर्षं घ्याव्या लागतील, एकही दिवस चुकवायची नाही, आणि मनानं तर मुळीच सोडायची नाही. पण गोळ्या सुरू केल्यावरही आणखी दोनदा झटका आला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. आईचा तेवढ्यात धीर सुटला.

तिला कोणीतरी नर्मदेपलीकडच्या एका थानकाचं सांगितलं होतं. थानक म्हणजे देवळासारखं देऊळ नव्हे, निंबाखालचा ओटा आणि त्यावर शेंदूर लावलेले दगड. तिथल्या पडियाराच्या अंगात देव येतो, तो दंडाला धागा बांधतो. त्या धाग्याला तिकडे तांती म्हणतात. धागा बांधला की दुसरा इलाज बंद. पाच वर्षं दुखणं आलं नाही तर परत जायचं आणि त्याच ओट्यावर धागा कापून घ्यायचा.

"पाच वर्षं गोळी बंद? डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?" वडील म्हणाले.

"डॉक्टरांच्या गोळीनं काय झालं? दोनदा पडली ना पोरगी? मी तो म्हणते, एकदा देवाला पण विचारून बघू या."

आईपुढे वडिलांचं कधीच चाललं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही यायचा मला त्यासाठी.

चैत्रात आम्ही भाड्याची मोटार करून निघालो. ड्रायव्हर ओळखीतला, त्याला सगळे भिया म्हणायचे. वडील पुढे त्याच्याजवळ. मागे आई, मी, आणि थानकाची वाट ठाऊक असलेली आईची मावशी. मी मध्ये, म्हणजे झटका आलाच तर दोन्ही बाजूंनी धरता येईल. दोघींनी माझा एकेक हात इंदूरपासूनच धरून ठेवला होता. हात घामेजले, मुंग्या आल्या, पण सोडवले तर दोघी घाबरून माझ्या डोळ्यांत बघायच्या. मग मी हात तसेच राहू दिले.

सिमरोल मागे पडलं आणि भेरूघाट लागला. त्या घाटात भैरोबाचं ठाणं आहे, तिथे थांबून हात जोडल्याशिवाय कोणी ड्रायव्हर पुढे जात नाही. भियानं हात जोडले, बॉनेट उघडलं आणि डबा घेऊन पाणी भरायला गेला. वडील मला म्हणाले, "चल, तुला इंजिन दाखवतो."

मला इंजिनात काय कळणार होतं? पण हात सुटले म्हणून मी उडी मारूनच उतरले. उघड्या बॉनेटच्या आड, गरम वाफेत, वडिलांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली.

"तोंड उघड."

गोळी मी तशीच गिळली. ते म्हणाले, "रोज देत जाईन. आईला यातलं काही बोलू नकोस. तिचं मन मोडेल."

मी मान हलवली. त्या वेळी मला ती गंमत वाटली होती, हे कबूल करायला हवं. बापलेकीचं गुपित! त्याचं ओझं किती होईल हे मला ठाऊक नव्हतं.

पडियार म्हणजे एक म्हातारा शेतकरी निघाला. अंगात आलं तेव्हा त्याचा आवाज बदलला, एरवी अगदी हळू बोलायचा. त्यानं काही मागितलं नाही, भीतीही घातली नाही. काळा धागा माझ्या दंडाला बांधून तो म्हणाला, "पाँच बरस. बीच में दवाई-गोली कई नी."

बस, एवढंच. चपलांचं त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. ते आईचं आईनं वाढवलं. ओट्यापुढे डोकं टेकून ती मोठ्यानं म्हणाली, "ज्या चपलेचा वास माझ्या लेकीला घ्यावा लागला, ती काय, कुठलीच चप्पल हा धागा कापेपर्यंत मी पायात घालणार नाही."

मी वडिलांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

त्यानंतरची पाच वर्षं मी रोज सकाळी दंतमंजनाच्या डबीतून गोळी काढून घेतली. वडील ती आदल्या संध्याकाळी तिथे ठेवायचे. आई मंजन वापरत नसे, ती राखुंडीनं दात घासायची, म्हणून ती जागा. वाढवलेल्या गोळीनं गुण आला. झटका पुन्हा म्हणून आला नाही.

आणि आई अनवाणी चालत राहिली. इंदूरचे डांबरी रस्ते उन्हाळ्यात कसे तापतात हे अनवाणी चालणाऱ्यालाच विचारावं. भाजी आणायला अनवाणी, लग्नाकार्याला अनवाणी, दवाखान्यात कोणाला भेटायला अनवाणी. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, नथ घातलेली बाई अनवाणी आलेली बघून लोक विचारायचे, आणि ती अभिमानानं सांगायची. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. संध्याकाळी वडील स्वतः वाटीत मेण आणि तेल गरम करून आणायचे. आई लाजायची, "काय तुम्ही! बायकोचे पाय काय बघून राहिलात?" वडील वाटी पुढे सरकवायचे आणि मग मंजनाच्या डबीकडे जायचे. एकाच घरात, एकाच वेळी, एकाच माणसाच्या हातून ही दोन्ही कामं व्हायची, आणि मी अभ्यासाचं पुस्तक समोर धरून दोन्ही बघायचे.

सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. पण सांगितलं तर काय झालं असतं? आईनं गोळी बंद केली असती आणि पाच वर्षं पहिल्यापासून मोजली असती. नाही सांगितलं तर ती निदान पाचात सुटणार होती. मी कुठूनही हिशेब मांडला तरी पाय आईचेच भाजत होते.

पाच वर्षांनी धागा कापायला गेलो. तीच मोटार, तोच भिया, तीच मधली जागा. पडियार आणखी वाकला होता. विळा हातात घेऊन त्यानं मला विचारलं, "दवाई तो नी खाई?"

मी वीस वर्षांची होते. वडील माझ्या मागे उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. समोर आईचे पाय होते.

"नहीं," मी म्हणाले.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग धागा कापला. वडिलांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या नव्या चपला आईपुढे ठेवल्या. पसरलेल्या पायांना त्या घट्ट झाल्या, तरी तिनं त्या घातल्या आणि परतीच्या अख्ख्या रस्त्यात लहान मुलीसारखी पाय उचलून उचलून बघत राहिली. तिचा तो आनंद बघून मला रडू यायला लागलं. तिला वाटलं मीही आनंदानंच रडते आहे. तिनं मला जवळ ओढलं.

वर्षभरात वडील गेले, हार्टनं. गोळ्या मी स्वतः आणायला लागले. तोवर मला शाळेत नोकरी लागली होती, तेवढं बरं. आईनं स्थळं बघायचा धोशा लावला, मी नाही म्हणत राहिले. एका घरात लपवताना जीव मेटाकुटीला आला होता, दुसऱ्या घरात जाऊन आणखी दहा जणांपासून कोण लपवणार? आईला वाटायचं पोरगी शिकून शेफारली.

पण खरी अडचण पुढेच होती. आई थानकाची प्रचारक झाली. कोणाच्या घरी कोणाला काहीही होवो, आई तिथे हजर. "माझ्या लेकीकडे बघा. पाच वर्षं एक गोळी नाही!" मग मला हाक मारायची, मी पोलक्याची बाही वर सारून दंडावरची धाग्याची खूण दाखवायची, लोक खुणेकडे आणि माझ्याकडे बघायचे. आलेल्यांना सहसा कंबरदुखी, कावीळ, मूल होत नाही, असलं काहीतरी असायचं. मी मनाला समजावायचे, आपल्या गप्प बसण्यानं त्यांचं काय बिघडतंय?

मग अंगणापलीकडच्या काकू आल्या. त्यांची मुलगी सात वर्षांची होती. तिला फेफरं यायचं. माझ्याच दवाखान्यातून तिला माझ्यासारख्याच गोळ्या मिळत होत्या. आई आणि काकूंनी काय ठरवलं ते मला शाळेतून आल्यावर कळलं. मोटार सांगून झाली होती, चार दिवसांपूर्वी पोरीच्या गोळ्याही बंद केल्या होत्या. "थानकावर जाताना अंगात दवा नको," आई म्हणाली. "आणि तू पण येते आहेस. तुला बघितलं की काकूंना धीर येईल."

"काकू, गोळ्या अशा एकदम बंद करू नयेत," मी म्हणाले. "डॉक्टरांना विचारून तरी..."

"तू काय डॉक्टर आहेस?" आई म्हणाली. "तुझ्या बंद केल्या तेव्हा काय झालं गं तुला? झालं काही?"

माझं अंग हेच तिचं उत्तर होतं.

सकाळी निघालो. आई डावीकडे खिडकीशी, उजवीकडे काकू, मध्ये मी, आणि पोरगी अर्धी काकूंच्या आणि अर्धी माझ्या मांडीवर. पुढे भियाशेजारी पिशव्या आणि नारळ. पोरगी सुकलेली दिसत होती. मधूनच तिचा हात हिसका बसल्यासारखा उडायचा. तो हिसका मला चांगला ठाऊक होता. माझ्या पर्समध्ये त्या दिवसाची माझी गोळी होती. सकाळच्या घाईत ती घ्यायची राहिली होती आणि ती कुठे आणि कशी घ्यावी या विचारात मी होते. म्हणजे बघा, शेजारी एक पोर गोळीवाचून चालली होती आणि मला काळजी माझ्या चोरीची. मला माझीच किळस आली.

सिमरोलच्या पुढे पोरीनं माझ्याकडे मान वर करून विचारलं, "ताई, तू गोळी सोडलीस तेव्हा तुला पण असं भ्यायला झालं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आई कौतुकानं हसत होती, मी आता काय धीर देते ते ऐकायला. मी म्हणाले, "झोप जरा." मोटार घाटाला लागली.

दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर पोरगी ताठ झाली. डोळे वर गेले, आणि मग तिचं ते एवढंसं अंग आमच्या दोघींच्या मांड्यांवर आपटायला लागलं. काकू किंचाळल्या. मी ओरडले, "भिया, गाडी थांबवा!"

"घाट में नी रुक सकती बेनजी, पीछे ट्रक लगे हैं! आगे भेरूजी पे रोकता हूँ!"

चार दारांच्या त्या डब्यात आम्ही सगळ्या कोंडल्यासारख्या झालो. मी पोरीला कुशीवर वळवलं, तिचं डोकं माझ्या दंडाच्या आत घेतलं. तेवढ्यात आई खाली वाकली. वर आली तेव्हा तिच्या हातात तिची चप्पल होती, वडिलांनी आणलेली. ती तिनं पोरीच्या नाकाशी धरली.

तो वास मला आला. पंगत, वरण, वरचे चेहरे, सगळं आलं. मी आईचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला जोरानं ढकललं असेन.

"आई, चप्पल नको! मी गोळी घेते. रोज घेते. पहिल्या दिवसापासून घेते. एकही दिवस सोडलेली नाही."

काकूंचं रडणं थांबलं. पोरीचे हातपाय हळूहळू सैल पडले, ती घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागली. मी एका हातानं पर्स उघडली, पुडी काढली आणि आईच्या डोळ्यांदेखत गोळी तोंडात टाकली. पाणी नव्हतं. ती कडवट होऊन घशात अडकली आणि मी ती तशीच गिळली.

भैरोबाच्या ठाण्याशी मोटार थांबली. भिया सवयीनं हात जोडायला उतरला. आई हातातल्या चपलेकडे बघत बसली होती. मग तिनं विचारलं, "तुझ्या बाबांनी सांगितलं होतं?"

"हो."

"कुठे ठेवायचे?"

"मंजनाच्या डबीत."

ती उतरली. एक पाय अनवाणी, एकात चप्पल. रस्त्याच्या कडेच्या कठड्याशी जाऊन तिनं दुसरी चप्पलही काढली, दोन्ही जोडीनं नीट ठेवल्या आणि तशीच परत येऊन बसली. मला वाटलं आता ती मला मारेल, किंवा रडेल. ती पुढे वाकून म्हणाली, "भिया, गाडी पलटाओ. इंदूर चलो, बड़े दवाखाने."

दवाखान्यात पोरीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, डॉक्टर काकूंवर खूप ओरडले. काकूंबरोबर उभं राहून आईनं ते सगळं ऐकून घेतलं. पोरगी बरी झाली, पुढे तिचं लग्न झालं, तिला दोन मुलं आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या बशीत गोळी होती. आईनं माझ्या पर्समधून काढून ठेवली होती. त्यानंतर रोज ठेवली, न चुकता. आणि चपला तिनं पुन्हा घातल्या नाहीत. मी दोन जोड आणले, ते कपाटावर पडून राहिले. मी भांडले, रडले, शाळेतल्या बाईंना तिला समजवायला घेऊन आले. ती म्हणायची, "बोललेलं आहे मी देवापुढे. तुम्ही दोघं बोलला नव्हता, मी बोलले होते."

पुढे बारा वर्षांनी डॉक्टरांनी माझी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. त्या दिवशी मी घरी येऊन कपाटावरचा जोड काढला, पुसला आणि आईपुढे ठेवला. "आई, गोळी संपली. आता तरी घाल."

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मग आजपासून मोजायचं," ती म्हणाली. "पाच वर्षं."

चौथं वर्ष संपता संपता ती गेली. तिला नेलं तेव्हा तिच्या टाचा मी पाहिल्या आणि तोंडात पदर कोंबून रडले.

थानकावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. पण एक वर्ष आणि काही दिवस उरले होते, आणि ते मोजायला घरात दुसरं कोणी नव्हतं. ते दिवस मी शाळेत अनवाणी गेले. कोणी विचारलं, तर पायाला लागलंय म्हणून सांगायचे.